मागच्या फळीवरचे मडके

८ ऑक्टोबर १९७८

बी.ए.च्या वेळची एक वही कोरी राहिली होती, तीत लिहायला घेते.

आमच्या डिचोलीच्या कुंभारवाड्यात पाऊस उघडला की चाक बाहेर येते. यंदा उघडीप पडून आठ दिवस झाले तरी आमचे चाक पडवीत भिंतीला टेकून उभे आहे. बाबांना विचारले तर म्हणाले, चाक जड झाले आहे. मी चाक जिच्यावर फिरते ती खुंटी घासून पुसली, तिला खोबरेल घातले. बाबांनी बसल्या जागेवरून पाहिले आणि बरे झाले म्हणाले, पण उठले नाहीत.

संध्याकाळी कृष्णनाथ आला. हा माझा चुलतभाऊ, खाणीवर ट्रक चालवतो. खाणीच्या फाटकावर राखणदाराची जागा आहे, ती बाबांना मिळवून देतो, नुसते खुर्चीवर बसायचे काम, म्हणाला. "काका, कदेलीर बसान ऱ्हवचा. ट्रक इलो की दांडो वर, ट्रक गेलो की दांडो खाली." बाबा हसले. नाही म्हणाले नाहीत, याचेच मला वाईट वाटले. बाबांचे, धाकू कुंभाराचे, चाक या वाड्यातले शेवटचे आहे. बाकीच्यांनी आपापली केव्हाच गोठ्यात टाकली.

आई शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात डोक्यावरून मडकी नेत असे. त्यातून माझी पुस्तके आली. आता त्या बाजारात अॅल्युमिनियमची टोपे चकाकतात आणि आई संध्याकाळी अर्धी मडकी परत आणते. मी शिकले, ती फक्त शाळांत नोकरीचे अर्ज लिहिण्यासाठी का? बाबांकडे एक हंगाम मागितला. मार्चपर्यंत चाक चालले नाही तर फाटकावर जा, मी अडवणार नाही. ते म्हणाले, "बरां. एक हंगाम."

१५ ऑक्टोबर

कॉलेजातली मैत्रीण कमलाक्षी हिच्याकडे हरमलला जाऊन आले. तिचा भाऊ सगुण परदेशी लोकांना खोल्या देतो. खोली परवडत नाही ते तळ्याकाठी झाडांखाली राहतात. तीन बांबू वर एकत्र बांधून, मध्ये पत्र्याची बालदी टांगून, खाली विस्तव करून जेवण शिजवतात. बालदीचे बूड जळून भोके पडतात. सगुण म्हणाला, भाताला पत्र्याचा वास मारतो, तरी खातात बिचारे.

मी म्हटले, मातीचे मडके टांगले तर? सगुणने जरा विचार केला. नाताळाला मोठा घोळका येतो, वीस डिसेंबरच्या आत चाळीस दिलीस तर सगळी घेतो म्हणाला. मी शब्द दिला. परतताना फेरीबोटीत उभी राहून सगळा वेळ हसत होते, असे कमलाक्षीला पत्रात कळवायचे आहे.

१६ ऑक्टोबर

घरी सांगितले. आई भाजी चिरत होती, ती विळी मिटून आत गेली.

बाबा म्हणाले, "बाय, टांगलेल्या मडक्यात आणि इस्तवात आमचां एकच काम असता."

मला ते ठाऊक नाही असे नाही. माणूस गेले की घरचा विस्तव मडक्यात घालून, ते दोरीत टांगून, पुढे चालणारा हातात धरून नेतो. ते मडके आमच्याच घरून जाते. मागच्या पडवीत छपराला लागून एक फळी आहे, तिच्यावर एक कोरे मडके कायम असते. आसपासच्या चार वाड्यांत कुणी गेले की माणूस मागच्या दाराशी येऊन उभा राहतो. हाक मारत नाही. बाबा मडके काढून देतात. 'ये' म्हणत नाहीत, नेणारा 'येतो' म्हणत नाही. मोल विचारायचे नाही, सांगायचे नाही. पुढच्या आव्यात, म्हणजे भट्टीत, बाबा पहिले मडके भाजतात ते त्या रिकाम्या फळीसाठी.

मी समजावले की विस्तव मडक्यात असणे वेगळे आणि मडक्याखाली असणे वेगळे. आपण भातच तर शिजवतो. सुशिक्षित घराने अशा भीतीला किती दिवस धरून राहायचे? बाबा म्हणाले, "तुझां खरां असतला." आणि उठून चाक बाहेर घेतले. मला जिंकल्यासारखे वाटले.

४ नोव्हेंबर

पहिली सहा फुकट गेली. गळ्याभोवती तार बांधली तर तापल्यावर तिने मडक्याचा गळा कापला. काथ्याची दोरी जळाली. मग बाबांनी तार ओवायला दोन बाजूंना दोन कान लावले. कान आधी सुकले, अंग मागून सुकले आणि भाजताना कान पावाच्या तुकड्यासारखे सुटून आले.

मी वहीत तक्ता आखला आहे: कशाने बांधले, किती वेळ टिकले, काय झाले. बाबा तो उलटा धरून पाहत होते. "ह्यात मडकां खंय असा?" म्हणाले.

१२ नोव्हेंबर

बाबांनीच मार्ग काढला. अंग अजून ओलसर असताना कान लावायचे, आतून बोटाने माती रेटून बाहेर काढायची आणि कानात दाबून एकजीव करायची. दोन कानांवर मडके कलंडते, म्हणून तीन. मग ओल्या गोणपाटाखाली सावलीत हळूहळू सुकवायचे. घाई केली की गेले.

गोपाळकाका माती घेऊन आले होते. चिकणमाती त्यांच्या शेतातली. बाबा आणि ते एकाच शाळेत एकाच दिवशी मार खाऊन पळाले, तेव्हापासूनची दोस्ती. मातीचे ते कधी काही घेत नाहीत. तीन कानांचे मडके हातात फिरवून म्हणाले, "धाकू, दोन कान देवान दिले ते तुका पुरले नाय?" त्यांच्या बायकोने, मालतीकाकीने, माझ्यासाठी नाचणीच्या भाकऱ्या दिल्या होत्या. परीक्षेच्या दिवसांत मी त्यांच्याच माजघरात अभ्यास करत असे.

२६ नोव्हेंबर

बाबांचे काम संथ चालले आहे. एक मडके उतरवले की चाक फिरवायची काठी बाजूला ठेवून बसून राहतात. मी दिवसाला चारचा हिशेब धरला होता, दोन होतात. आज जरा रागाने बोलले. ते म्हणाले, चाक जड आहे. पुन्हा खोबरेल घातले.

त्यांच्या वहाणा घट्ट होतात म्हणून अनवाणीच फिरतात. नाताळानंतर एक नंबर मोठ्या घेऊन द्यायच्या. मातीत फार बसून पाय फुगतात, आई म्हणते.

३ डिसेंबर

बाबा आता आडवे होतच नाहीत. खांबाला टेकून बसल्या बसल्या झोपतात. आव्यावर राखण करायची सवय म्हणतात. मला त्यांचे कौतुक वाटते. आवा अजून पंधरा दिवस दूर आहे आणि त्यांचे मन आतापासून तिथे आहे.

आज मी भाजताना कान सुटलेले एक मडके घरात शिजवून पाहायला काढले. पेज भरून उकळले, म्हणजे मातीची छिद्रे बुजतात. आईने त्या पेजेला हात लावला नाही. मी एकटीने प्यायले. चांगली होती.

१८ डिसेंबर

काल आवा लावला. नारळाच्या सालींची सोडणे, लाकडे, वर गवत आणि ओली माती. बाबा दुरून सांगत होते आणि मी, आई, कृष्णनाथ करत होतो. आज उघडला. सेहेचाळीस लावली होती. पाच तडकली, दोन मडक्यांचे कान भोक पाडून सुटले. एकोणचाळीस चांगली. बाबांनी एकेक वाजवून पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर असे हसू मी लहानपणानंतर पाहिले नव्हते. म्हणाले, "माझ्या बापाशीन तीन कान केले नाय."

पण एकोणचाळीस. शब्द चाळीसचा आहे. सगुण एकाने काही म्हणणार नाही, हे कळते. पण पहिल्याच वेळी उणे दिले तर कुंभाराच्या मुलीच्या शब्दाला काय किंमत राहील?

१९ डिसेंबर

पहाटे मागच्या फळीवरचे मडके काढले. त्याला कान नाहीत, म्हणून गळ्याखाली जाड तार दुहेरी फिरवून तीन फासे केले. निदान एक-दोनदा तरी शिजेल. पुढचा आवा महिन्याभरात आहे, तेव्हा फळी भरून टाकू. बाबा खांबाला टेकून डोळे मिटून होते. उठवले नाही, त्यांना झोप हवी.

कृष्णनाथने म्हापशापर्यंत नेऊन सोडले. पुढे बस, मग फेरीबोट. मडकी बांबूला टांगून बांधली होती, ती बोटीत हलायला लागली तशी एक म्हातारी पदर तोंडावर घेऊन पलीकडे जाऊन उभी राहिली. तिकीटवाला म्हणाला, "किती गे ही? एकदम चाळीस मयतां?" लोक हसले. मीही हसले, पण कान तापले होते.

हरमलला मात्र सगळे विसरले. तीन बांबूंवर माझ्या बाबांचे मडके टांगले गेले, खाली विस्तव धगधगला, आत भात आणि भोपळा. एका सोनेरी केसांच्या बाईने मला चमचा चाटायला दिला. भात कच्चा होता. सगुणने सगळी घेतली आणि मार्चपर्यंत आणखी साठ मागितली. बाबांनी हे पाहायला हवे होते. या म्हटले होते, तर 'फुडल्या खेपेक' म्हणाले.

२९ डिसेंबर

मालतीकाकी गेल्या. पहाटे विहिरीवर पडल्या, त्या उठल्याच नाहीत.

मला ही बातमी कशी कळली ते लिहायलाच हवे. मी मागच्या पडवीत दात घासत होते. गोपाळकाका दाराशी येऊन उभे राहिले. मी "या काका" म्हणून गेले. ते आत आले नाहीत. वर फळीकडे पाहत होते.

बाबा आतून आले. त्यांनी सवयीने हात वर केला आणि फळीवर चाचपला. मग माझ्याकडे पाहिले. मी खाली पाहिले. बाबा म्हणाले, "गोपाळ, आज माझ्या घरात मडकां नाय."

गोपाळकाकांना ते ऐकू आले की नाही, कळले नाही. ते तसेच उभे होते. पडवीत तीन कानांची दोन तडकलेली उरली होती, बाकी काही नाही. बाबा म्हणाले, "तू घराक जा. मी हाडतंय." आणि अनवाणीच निघाले. बसने चार गावे पलीकडे एक कुंभार आहे, तिथे. मी म्हटले, मी जाते, मला भरभर चालता येते. मागे न वळता म्हणाले, "ह्यां माझां काम."

काकींना दुपारी तीनपर्यंत अंगणात ठेवावे लागले. बाबा बस थांब्यापासून मडके छातीशी धरून आले, दर दहा पावलांवर थांबत. चार वाड्यांची माणसे पाहत होती. मडके गोपाळकाकांच्या मुलाच्या हातात देऊन बाबा तिथेच धुळीत बसले.

३० डिसेंबर

रात्री बाबांना मी सांगायला गेले की चूक झाली. त्यांनी विचारले, "त्या मडक्यात शिजलां?"

मी म्हटले, ठाऊक नाही.

"शिजलां असल्यार बरां," म्हणाले. "कोणाच्या तरी पोटाक गेलां." ते ओरडले असते तर मला झोप लागली असती.

११ जानेवारी १९७९

बाबांना चार पावलांत धाप लागते. कृष्णनाथ ट्रकमध्ये बसवून डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरने पाय दाबले, बोट रुतून खळगा राहिला. विचारले, बसून किती दिवस झोपतात? आई म्हणाली, ऑगस्टपासून. ऑगस्टपासून, हे आई जाणत होती. मी आव्याची राखण समजत होते. काळीज थकले आहे, पणजीला इस्पितळात ठेवा, असे डॉक्टर म्हणाले. बाबा ऐकायला तयार नाहीत. पाणी कमी करणाऱ्या गोळ्या आणि मिठाशिवाय जेवण.

साठ मडक्यांचे सगुणला अजून काही कळवलेले नाही.

२१ जानेवारी

आज बाबा चाकावर बसले! गोळ्यांनी सूज उतरली आहे. मी काठीने चाक फिरवू का विचारले. बायकांनी चाकाला हात लावायचा नसतो, ते माझ्या ध्यानातच नव्हते. बाबा रागावले नाहीत, मान हलवून नको म्हणाले. कृष्णनाथला बोलावून घेतले. त्याने फिरवले, बाबांनी मातीवर हात धरला.

दोन साधी मडकी उतरवली, बिनकानांची. फळीसाठी. मी म्हटले, फळीवर तर एकच असते. ते म्हणाले, "दोन असूंदेत. एक गेलां की फळी उघडी पडता नये." आता ते किती जपतात या गोष्टीला, हे पाहून माझी मान खाली गेली. पण ते कामाला बसले, हे महत्त्वाचे. फेब्रुवारीत तीन कानांची पुन्हा सुरू करता येतील.

मग मला जवळ बसवून थापी हातात दिली. आत दगड धरायचा, बाहेरून थापीने ठोकायचे, बूड गोल येईपर्यंत. बायका हे काम करू शकतात. मी दगड नीट धरत नव्हते. त्यांनी माझ्या बोटांवर बोटे ठेवून तो फिरवून दाखवला. त्यांची बोटे थंड होती.

३ फेब्रुवारी

लहानसा आवा लावला, फक्त दोन मडक्यांसाठी. कृष्णनाथ म्हणाला, एवढ्या लाकडात लग्नाचे जेवण झाले असते. दोन्ही चांगली निघाली. बाबांना हात वर नेता येत नव्हता, म्हणून मी ती फळीवर ठेवली. त्यांनी खालून सांगितले, जरा आत सरक. तसे केले. बराच वेळ वर बघत राहिले.

गोपाळकाका त्या दिवसानंतर आज पहिल्यांदा आले. मातीची टोपली घेऊन. आम्ही माती मागितली नव्हती. दोघे पडवीत बसले होते. जाताना काका मला म्हणाले, "बाय, भाकरी खावक ये. सून करता, पण ती जाड करता."

११ फेब्रुवारी

बाबा गेले.

२६ फेब्रुवारी

लिहायला आज बसते आहे.

त्या दिवशी सकाळी पेज घेऊन गेले, तर बाबा खांबाला टेकलेले होते. मी दोन वेळा हाक मारली आणि वाडगा बाजूला ठेवून दिला, थंड होऊ नये म्हणून वर झाकण घातले.

गोपाळकाका मागच्या दाराशी येऊन उभे राहिले. घरात रडणे चालले होते आणि ते बाहेर तसेच, हाक न मारता. मला उठायला हवे होते. काढून देणारे आमच्या घरात आता कुणी नव्हते. मी गेले, फळीवरचे एक मडके काढले आणि त्यांच्या हातात दिले. मी 'या' म्हटले नाही, ते 'येतो' म्हणाले नाहीत. कृष्णनाथ ते धरून पुढे चालला.

दुसरे फळीवर होते. तेव्हा मला कळले की दोन का.

मी हे आईला सांगितले. ती म्हणाली, "तुका आता कळलां?" तिच्या बोलण्यात राग नव्हता.

५ मार्च

सगुणचे पत्र आले. परदेशी लोक मडकी घेऊन गोकर्णाला गेले, काहींनी आपल्या देशात नेली. साठ कधी मिळतील, विचारतो. एक मात्र बाजूला ठेवले आहे असे लिहितो, त्याला कान नव्हते, तार घसरून ते पहिल्याच दिवशी पडले आणि फुटले. पैसे कापू का?

शिजले नव्हते तर. बाबांना हे कळले नाही, एवढेच बरे.

मी उत्तर लिहिले: बाबा वारले, साठ देता येणार नाहीत. एकाचे पैसे कापावेत.

शाळेतल्या नोकरीच्या मुलाखतीचेही पत्र आले आहे. वाळपईला, या महिन्याच्या वीस तारखेला.

१४ मार्च

सकाळी मागच्या दाराशी एक माणूस उभा होता. वरच्या वाड्यातला, मी त्याला फक्त तोंडओळखीने ओळखते. डोळे सुजलेले. कोण गेले ते मी विचारले नाही. हात वर करून मडके काढले, पदराने आतून पुसले आणि दिले. तो गेला. फळीवर एकाशेजारी एक अशी दोन गोल वर्तुळे उमटली आहेत, मधली धूळ तेवढी शिल्लक.

मी दारातच बसून राहिले. तीन कानांची दोन तडकलेली अजून कोपऱ्यात आहेत. वाळपई, मुलाखत, वीस तारीख, असे मनाशी म्हणत होते.

आई मागून आली. रिकाम्या फळीकडे तिने एकदा पाहिले. मग अंगणात जाऊन गोपाळकाकांच्या मातीवरचे गोणपाट काढले, बालदीतून पाणी घेऊन शिंपडले आणि पायांनी तुडवायला लागली. माझ्याकडे पाहिले नाही, चाकाकडे पाहिले. बायकांनी हात लावायचा नसतो, हे तिनेच मला लहानपणी शिकवले होते.

मी चाक आडवे केले, खुंटीवर बसवले. बाबांची काठी घालून एक रेटा दिला. एकाच रेट्यात फिरले आणि कितीतरी वेळ फिरत राहिले, आवाजसुद्धा न करता. काठी काढून घेतली तरी थांबेना.

ऑक्टोबरात बाबा म्हणाले होते, चाक जड झाले आहे. मी खुंटीला खोबरेल घातले होते.